साडेपाचची बत्ती

१८ मे. सकाळपासून भिरंडं फोडत बसलो होतो, मी आणि शेजारच्या वहिनी. भिरंड म्हणजे पिकलेलं कोकमाचं फळ. साल वेगळी काढायची, आतला गर नि बिया मिठात टाकायच्या, त्याचा खारट रस सुटतो, ते आगळ. साली उन्हात टाकायच्या, त्यांची सोलं, म्हणजे आमसुलं, होतात. झाड वहिनींचं, मीठ माझं, सोलं निम्मी निम्मी. गेली वीसेक वर्षं असंच चाललं आहे. इथे गोव्यात, आमच्या पाळी गावात, सोलं वाळवायची म्हणजे वर जुनी मच्छरदाणी ताणावी लागते, नाहीतर रस्त्यावरून खनिजाचे ट्रक गेले की सोलांवर लाल धूळ बसते आणि आमटीत कचकच लागते. त्या दिवशी मच्छरदाणी मी ताणली होती आणि तिच्या एका कोपऱ्याला भोक होतं, त्यावरून वहिनींनी मला ऐकवूनही झालं होतं.

वहिनी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या. माहेर कोरगावचं, त्यामुळे बोलणं पेडण्याकडचं. आमची दोघींची स्वयंपाकघरं समोरासमोर आहेत, मध्ये चिऱ्यांची कंबरेएवढी भिंत. माझ्या खिडकीतून त्यांच्या गॅसची शेगडी दिसते आणि त्यांच्या खिडकीतून माझा पिठाचा डबा. खिडकीला त्या जनेल म्हणतात. आम्ही गडहिंग्लजकडचे. ह्यांना डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून आलो आणि इथेच राहिलो. धर्माने ख्रिस्ती, पण इथल्या इगर्जीतले, म्हणजे कॅथलिक चर्चमधले, नव्हे. आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा, तीही भाड्याच्या हॉलमध्ये. बाकीच्या रविवारी जमलं तर बसने म्हापशाला एका इंग्रजी उपासनेला जातो. म्हणजे देवाचं जे काही करायचं ते घरीच करायला हवं, आणि घरी मी ते करत नव्हते.

हे सरळ लिहिते. माहेरी रात्रीच्या जेवणानंतर वडील शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचे, आम्ही डोळे मिटून बसायचो, त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं. लग्नानंतर दर जानेवारीत आमचे पाळकसाहेब वर्षभराच्या वाचनाचा तक्ता वाटायचे. मी तो फ्रिजवर लावायचे. पहिलं उत्पत्तीचं पुस्तक उत्साहाने वाचून व्हायचं, मग निवासमंडपाची मापं सुरू झाली की फेब्रुवारीत माझा तंबू उठायचा. मोबाइलवर गजर लावून पाहिला. गजर बंद करायची सवय तेवढी नियमित लागली. मी घरी शाळांचे गणवेश शिवते. एकेका हंगामात दीडशे शर्ट वेळेवर देते, कुणाला एक दिवस थांबावं लागत नाही. देवालाच काय ते थांबवून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी नाताळाच्या आधी आम्ही करंज्या करत होतो, वहिनी लाटायला आल्या होत्या. लाटता लाटता त्या म्हणाल्या, "आमच्या चेडवाक परत दिवस गेले गो."

चेडू म्हणजे मुलगी. त्यांची एकुलती एक, कोरगावात दिलेली. तिची आधीची दोन बाळं चौथ्या महिन्यात गेली होती. दोन्ही वेळा मी वहिनींबरोबर म्हापशाच्या हॉस्पिटलात बाकावर बसले होते. दुसऱ्या वेळी तिच्याकडे पाहायचंसुद्धा धाडस मला झालं नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी, मी रोज प्रार्थना करते तिच्यासाठी."

आमच्यात हे वाक्य तोंडातच असतं. कुणी आजारी, कुणाची परीक्षा, कुणाची बदली, "प्रार्थना करते हं" म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. बोलणारीला नि ऐकणारीला दोघींना माहीत असतं की ते बरंचसं नमस्कारासारखं आहे. पण वहिनी आमच्यातल्या नव्हत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"रोज?"

"रोज."

"कितक्या वाजता?"

वेळ कोण विचारतं? मी त्यांच्याकडे पाहून जे सुचलं ते सांगितलं. "पहाटे साडेपाचला."

साडेपाचच का, तर मी साडेपाचला उठतेच. ह्यांची कंपनीची बस सहा वीसला नाक्यावर येते, त्याआधी डब्याच्या भाकऱ्या व्हायला लागतात. त्यामुळे साडेपाचला माझ्या स्वयंपाकघरात दिवा लागतोच. ते वहिनींना दिसतं. मी बोलले, त्यांनी मान हलवली, करंज्या पुऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी दिवा लावला आणि भाकऱ्या थापल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. चार-पाच वेळा भाकरी उलटताना "देवा, त्या पोरीचं बघ" असं म्हटलं असेन. तेवढंच. पुढे तेही गेलं.

फेब्रुवारीत ह्यांनी कंबरेच्या दुखण्यासाठी आठवडाभर रजा काढली. पहिल्या दिवशी मी मजेत सव्वासातला उठले. ब्रश तोंडात घेऊन मागच्या दाराला आले तर वहिनी भिंतीपाशी उभ्या. केस मोकळे, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं.

"काय झालं वहिनी?"

"तुझी बत्ती लागली नाय."

"हे रजेवर आहेत ना."

"आणि देव? तोय रजेर गेलो?"

मला आधी काही कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांनी आंगवण केली होती, आंगवण म्हणजे नवस. माझी प्रार्थना झाल्याशिवाय त्या चहा घेत नव्हत्या. त्यांचा चहा पाचला असतो, जन्मभराचा. डिसेंबरपासून तो साडेपाचपर्यंत थांबला होता. माझ्या खिडकीत उजेड दिसला की त्या गॅस पेटवायच्या. रविवारी आम्ही उशिरा उठतो, पण रविवारची प्रार्थना चर्चमध्ये होत असणार असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आणि त्या दिवशी सव्वासातपर्यंत त्या डोकं धरून माझ्या काळ्या खिडकीकडे बघत बसल्या होत्या. चहा नाही म्हणून डोकं दुखत होतं. "म्हटलं, हिका चेडवाची काय खबर कळली काय," असं म्हणाल्या. त्यांना वाटलं, मुलीबद्दल काही वाईट कळलं म्हणून मी प्रार्थना सोडून दिली.

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. मी ब्रश तोंडातून काढला आणि म्हटलं, "आज जरा उशीर झाला. आता करते. तुम्ही चहा ठेवा."

"आधी तू कर," म्हणाल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

मी आत गेले, दिवा लावला. सकाळी सव्वासातला, लख्ख उजेडात. पाट घेऊन बसले आणि हात जोडले. दोन महिने ज्याच्या नावावर चहा थांबला होता त्याच्याशी माझी ओळख पाहुण्यासारखी झाली होती. शेवटी म्हटलं, "मी खोटं बोलले. पोरीला सांभाळ." बाहेर गॅसच्या लायटरचा टक् आवाज आला.

त्या दिवसापासून मी खरोखर सुरुवात केली. भक्तीने नव्हे, शरमेने. पण शरमेने उठलेला माणूसही उठलेलाच असतो. तक्ता लावला नाही. शास्त्र कपाटातून काढलं आणि पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं. भाकरी करायची तर डबा उघडायला हवा, डबा उघडायचा तर पुस्तक उचलायला हवं, आणि उचललंच आहे तर उघडायला हवं. एक स्तोत्र, जास्त नाही. मग डोळे मिटून त्या पोरीचं नाव. मग पीठ. पहिल्या आठवड्यात एकदा पुस्तकावरच डोकं टेकून झोपले, गालावर शिवणीची रेघ उमटली. पुस्तकाच्या कडेला पीठ लागलं, ते अजून आहे. एकदा प्रार्थनेच्या मध्येच हे येऊन "मीठ कुठंय?" म्हणाले. मी डोळे न उघडता बोटाने दाखवलं आणि पुढे चालू ठेवलं. बरोबर की चूक माहीत नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आता हे काम माझं आहे.

मार्चमध्ये चौथा महिना कधीच मागे पडला होता. वहिनी आता भिंतीवरून हसून बोलायला लागल्या. एप्रिलमध्ये ह्यांना महिनाभर दुसरी शिफ्ट आली, म्हणजे पहाटे उठायला भाकरीचं निमित्तही राहिलं नाही. पहिल्या दिवशी अंथरुणात पडल्या पडल्या मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. इथूनही प्रार्थना होते, देव काय स्वयंपाकघरातच असतो का, वगैरे. सगळे मुद्दे बिनतोड होते. मग वहिनींचं फडकं बांधलेलं डोकं आठवलं आणि उठले. दिवा लावला, पाट घेतला. त्या महिन्यात घाई नव्हती, म्हणून बसणं लांबलं. मुलीच्या नावामागे इतर नावं यायला लागली. तिच्या सासूचं, माझ्या भावाचं, कंपनीत ज्याचं बोट कापलं त्या बेळगावच्या पोराचं. ज्यांना आजवर मी "प्रार्थना करते हं" म्हटलं होतं ते एकेक जण आठवायला लागले. बरीच लांब यादी निघाली.

भाच्याच्या लग्नाला दोन दिवस गडहिंग्लजला जायचं होतं. मी ह्यांना सांगितलं, "साडेपाचला उठून स्वयंपाकघरातला दिवा लावायचा."

"कशाला?"

"वहिनी चहा घेतील."

"वहिनींच्या चहाला माझी बत्ती?"

"लावायची म्हटलं ना."

त्यांनी लावली. मी तिकडे लग्नघरात पाहुण्यांच्या घोरण्यात साडेपाचला उठून बसले होते, तेव्हा ते खोटं होत नव्हतं. पण आल्यावर हे म्हणाले, "तू मला सरळ तुझा नोकर केलास की देवाचा, तेवढं सांग." मी म्हटलं, दोन्ही.

तर १८ मे. मुलगी आठव्या महिन्याची, चार दिवसांपूर्वी माहेरी आली होती. पोट सांभाळत मागच्या पायरीवर येऊन बसली, आमची भिरंडं बघत. एक फोडलेलं उचलून तोंडात टाकलं आणि डोळे बारीक केले.

"आंबट खायचं वय गेलं की तुझं," मी म्हटलं.

"काकी, आता तर आलंय."

थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "काकी, तुम्हाला एक सांगू? मीपण साडेपाचला उठते. डिसेंबरपासून. आईने सांगितलं होतं ना. चौथा महिना लागला तेव्हा मला झोपच यायची नाही, सारखी भीती. मग म्हणायचे, साडेपाच वाजू देत, काकी बसतील. साडेपाच वाजले की पोटावर हात ठेवायचे. मग झोप लागायची." एवढं सांगून ती उठली, पाय सुजलेत म्हणून आत जाऊन आडवी झाली.

मी सुरी खाली ठेवली. चौथा महिना म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. त्या महिन्यांत साडेपाचला मी काय करत होते ते मला माहीत होतं. ती पोटावर हात ठेवून जिच्या भरवशावर झोपत होती, ती काकी पिठात पाणी घालत होती. बरं झालं, पोर आठव्या महिन्याला पोचली. पोचली नसती तर? तरीही मी भिंतीवरून म्हटलं असतं, मी रोज करत होते. आजवर ज्यांना ज्यांना म्हटलं होतं त्यांचं काय झालं, कोण जाणे.

"वहिनी," मी म्हटलं, "फेब्रुवारीपर्यंत मी प्रार्थना करतच नव्हते. भाकऱ्या करत होते. दिवा त्याच्यासाठी लागायचा."

वहिनींचा हात थांबला नाही. एक भिरंड फोडलं, दुसरं घेतलं.

"माका खबर आसा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भाकरी ऐकाक येता गो. थप थप थप. बत्ती लागली की लगेच सुरू. माका वाटलां, तुमच्यात असांच असात. हातान काम, तोंडान देव. आमच्याकडेय बायो दळता दळता ओव्यो म्हणत." मग तिसरं भिरंड उचलत, "मागीर शिवरात्रीच्या सुमारास थप थप उशिरा सुरू जावंक लागली. बत्ती लागता आणि सगळां गप्प. मी घोवाक म्हटलां, हिच्या घरातलां पीठ सोपलां."

नवऱ्याला त्या माझं पीठ संपलं म्हणून सांगून बसल्या होत्या. मला हसू आलं. पण वहिनी हसत नव्हत्या. आता हात थांबला होता.

"म्हणजे तेव्हा हातान भाकरी आणि तोंडान काय?"

"काहीच नाही."

"दोन म्हयने?"

"दोन महिने."

"आणि मी चाय थांबवून बसलंय ती कोणासाठी? तुझ्या घोवाच्या डब्यासाठी?"

त्यांनी लाल झालेले हात पदराला पुसले नाहीत, तसेच धरून उठल्या. पायरीवर थांबून म्हणाल्या, "देवान बघितलां असतला."

"बघितलंच असणार. म्हणून तर सांगितलं तुम्हाला."

"चेडवाक सांगू नको. तेका बाळंत होऊ दे." आणि आत गेल्या. दार लावलं नाही, पण ओढून घेतलं.

अर्धी टोपली उरली होती, ती मी एकटीने संपवली. साली पसरल्या, मच्छरदाणीचं भोक सुईदोऱ्याने शिवलं, मीठ मोजून घातलं. मधून मधून त्यांच्या खिडकीकडे बघत होते. दुपारी शिवायला बसले, तीन शर्टांना कॉलर उलट्या लावल्या आणि उसवल्या. मनात एकच. वीस वर्षांचं शेजारपण मी एका वाक्याने मिळवलं नव्हतं, पण एका वाक्याने घालवलं असेन. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या उद्या पाचलाच चहा घेतील. पोरीला मात्र काहीच ठाऊक नसणार. ती साडेपाचला पोटावर हात ठेवणार.

संध्याकाळी सोलं उचलायच्या वेळी वहिनी भिंतीपाशी आल्या. मच्छरदाणीचा कोपरा हातात घेऊन शिवण निरखली.

"टाके बरे घातलंस."

"तुम्ही म्हणाला होता ना."

"एक आयक." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "फाल्यांपासून बत्ती आधी लावूची नाय. आधी काळोखात बस. तुझां सगळां झालां की मग बत्ती लाव. बत्ती लागली म्हणजे माका कळतलां, झालां."

"आणि उद्यापासून काळोखात वाचू कशी?"

"वाचूक कित्याक जाय? तोंडान बोल. वाचणां मागीर." मग पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "आणि भाकरेचो आवाज माका बत्तीच्या आधी आयकू येता कामा नये. मी आता कान देवन बसतलंय."

"चहा थांबवणार म्हणजे तुम्ही?"

"मग? आंगवण माझी. ती तू फसवलंस म्हणून मी मोडू?"

सोलं अर्धी अर्धी आत नेली. एवढंच झालं. रात्री ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "त्या बाईने तुला बरोबर जागेवर आणलं." मी म्हटलं, झोपा.

दुसऱ्या दिवशी गजर नेहमीच्याच वेळेला लावला होता. दिवा न लावता स्वयंपाकघरात गेले. पाट नेहमीच्या जागी नव्हता, घोट्यावर आपटला. शेवटी फरशीवरच बसले. अंधारात पुस्तक नाही, अक्षर नाही, नुसतं बोलायचं. बोलले. आधी त्या दोन महिन्यांबद्दल, मग पोरीबद्दल, मग तिच्या आईबद्दल, मग यादीतल्या एकेकाबद्दल. गप्प बसून राहिले तेही धरून किती वेळ गेला कळलं नाही, घड्याळ दिसतच नव्हतं. संपलं असं वाटलं तेव्हा उठून बटण दाबलं.

समोरच्या खिडकीत दोघी उभ्या होत्या, वहिनी आणि खांद्यावर चादर घेतलेली पोरगी. वहिनींनी हात वगैरे केला नाही. वळल्या, लायटर टक् टक् दोनदा वाजलं, तिसऱ्यांदा गॅस पेटला.

घड्याळात सहा वाजून गेले होते. पुस्तक उचलून एक स्तोत्र वाचलं, डबा उघडला, दोन भाकऱ्या थापल्या. तिसरी तव्यावर असतानाच नाक्यावर बसचा हॉर्न वाजला. ह्यांची बस चुकली. त्यांनी स्कूटर बाहेर काढली. ते गेल्यावर मी मोबाइल घेतला आणि गजर पाचवर आणून ठेवला.